रॅम्प आहे, पण सासूबाई रिक्षातच

प्रश्न : सासूबाईंना दर महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात नेते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून व्हीलचेअर आहे. दाराशी तीन पायऱ्या. बाजूला रॅम्प आहे, पण चढवताना खुर्ची मागे कलंडते. एकदा दोन पोरांनी धरली म्हणून निभावलं. आता डॉक्टरच बाहेर येऊन ई-रिक्षात बीपी बघतात. माणूस चांगला आहे. पण मागच्या खेपेला पायाची जखम दाखवायला रस्त्यावर, सगळ्यांदेखत लुगडं वर करावं लागलं. तेव्हापासून त्या यायलाच तयार नाहीत. तक्रार केली तर म्हणतात, 'रॅम्प आहे ना!' काय करू?
— एक सून, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी कबुली देतो. सरकारी बांधकामात माझी 31 वर्षं गेली आणि असले रॅम्प मी स्वतः बांधले आहेत. पायऱ्या, पोर्च, नाली झाल्यावर जी जागा उरे तिच्यात मिस्त्री मुरूम भरून वर काँक्रीट ओतायचा. नकाशात 'रॅम्प' लिहिलेलं, बिल पास. त्यावरून खुर्ची ढकलून कोणी पाहिली नाही, मीही नाही. निवृत्तीनंतर मोठ्या भावाला ढकलत नेलं तेव्हा मनगटांना हिशेब कळला.

हिशेब असा की 1 फूट चढायला 12 फूट लांबी लागते. तुमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर दीड फूट चढ, म्हणजे रॅम्प 18 फूट पाहिजे. टेप घेऊन जा, मोजा. सात-आठ फूट निघाला तर ती घसरगुंडी आहे. रुंदी किमान 4 फूट हवी. वर दारापुढे 5 बाय 5 फुटांची सपाट जागा आहे का तेही पाहा. ती नसली की एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्याने दार उघडावं लागते. कठडा दोन्ही बाजूंनी हवा. स्टीलचा असेल तर मे महिन्यात दुपारी बाराला हात लावून पाहा, मग वर सावलीही मागाल.

'18 फूट जागा कुठून आणू?' असं म्हणतील. भिंतीला लागून वळवता येतो, वळणावर सपाट टप्पा देऊन. शिवाय आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले तिथे रस्ताच इतका वर आला की पावसाचं पाणी लोकांच्या अंगणात शिरते. दवाखान्यापुढेही तसंच झालं असेल, तर रस्ता आणि जोतं यांच्यात फरक थोडाच उरला असणार. मग फाटकापासून भराव टाकूनही काम भागते. म्हणून उंची आवारातून मोजा आणि रस्त्यावरूनही.

ही मापं आणि फोटो लावून झोन ऑफिसला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला अर्ज द्या, आवक नंबर घ्या. 'रॅम्प नाही' असं लिहू नका, तो त्यांच्याकडे कागदावर आहे. 'दीड फूट चढाला इतकेच फूट लांबी' असं लिहा. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातलं कलम 25 टाका : दवाखान्यात बिनअडथळा प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य, दोन्ही त्यात आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत जून 2022 लाच संपली. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. अर्जाची एक प्रत त्याच्या नावे. तरी हलले नाहीत तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. रिक्षातली तपासणी तारखेसकट लिहा, पण डॉक्टरांवर राग नको. त्यांनाच विनंती करा, आत तपासता येत नाही एवढं दोन ओळींत लिहून द्या म्हणून.

या सगळ्याला महिने लागतील आणि शुगरच्या माणसाच्या पायाची जखम तेवढी थांबत नाही. आशाताईंना आजच गाठा, नर्सबाईंना घरी आणायला सांगा. जखम काळी पडत असेल, वास येत असेल किंवा ताप असेल तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे रॅम्प उतरताना खुर्ची उलटी करा : तुम्ही खालच्या बाजूला, सासूबाईंची पाठ तुमच्याकडे.