डिझेल गाडी लिटरमागे जास्त पळते ती इंजिनामुळे की डिझेलमुळे?

दोन्हींमुळे. पण कशामुळे किती, हे वेगळं काढलं की तुमचा दुसरा प्रश्नही (कोल्हापुरात राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव रोजची ये-जा, महिन्यातून एकदा पुणे, तर डिझेल घेऊ का?) सुटतो. मी उद्यमनगरात इंजिनाच्या पार्टचं मशिनिंग करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल. घाई असेल तर शेवटी हिशेब आहे, तिथून वाचा.

इंधन आपण मापाने घेतो, वजनाने नाही. लिटरभर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरतं, डिझेल ८३० च्या आसपास. किलोमागची उष्णता दोन्हींत जवळपास सारखी, पण लिटरमागे डिझेलमध्ये ती १० ते १२ टक्के जास्त. समजा एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी १८ चं ॲव्हरेज देते आणि डिझेल २३ चं. दिसायला फरक २८ टक्के, पण त्यातली इंजिनाची कमाई १४-१५ टक्केच. बाकीचं पंपावरच टाकीत पडलेलं असतं.

आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता एक तृतीयांशाने कमी, म्हणून मिश्रणाच्या लिटरमागे ६-७ टक्के घट. आपल्या जिल्ह्यात याबद्दल फार कुरकुर करता येत नाही म्हणा, ऊस आपलाच आहे. पण १८ देणारी गाडी १७ वर आली तर लगेच मेकॅनिकच्या नावाने ओरडू नका.

आता इंजिन. पेट्रोल इंजिनात बहुतेक वेळा हवा आणि इंधन मिसळूनच दाबलं जातं. जास्त दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. म्हणून तिथं मिश्रण साधारण ९ ते १२ पटच दाबतात. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबतात, १५ ते १८ पट, आणि ती तापली की डिझेल फवारतात. जितकं जास्त दाबलं तितका पेटलेला वायू जास्त फुगतो आणि तेवढं जास्त काम देऊन जातो.

दुसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. पेट्रोल गाडीत पाय थोडासाच दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवून बसते. पिस्टनला हवा ओढून घ्यायलाच ताकद घालवावी लागते, नाक दाबून पळायला लावल्यासारखं. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल.

त्यामुळे 'डिझेल हायवेलाच परवडतं' हे तंत्राच्या बाजूने उलटं आहे. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, रांगत्या ट्रॅफिकमध्ये डिझेलची आघाडी सगळ्यात मोठी असते. गगनबावड्याचा घाट भरल्या गाडीने चढताना पेट्रोलचीही झडप जवळपास उघडीच असते, तिथं फरक कमी होतो.

मग शहरात डिझेल घ्यावं का? २०२० पूर्वी मी हो म्हटलं असतं. बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगात पळावी लागते. रोज गल्लीतून ऑफिस आणि ऑफिसमधून गल्ली असं चाललं की फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. वर काजळी जाळायला जादा डिझेल जातं ते वेगळंच. तुमची पुण्याची फेरी त्याला उपयोगी पडेल, पण महिन्यातून एकदाच.

आता हिशेब. पेट्रोल १०५ रुपये धरा, डिझेल ९१. पेट्रोलला १७ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला सव्वासहा रुपयांच्या जवळ जातं, डिझेलला २३ धरलं तर चार. वाचले सव्वादोन. डिझेल मॉडेल समजा सव्वा लाखाने महाग पडलं, तर ते पैसे निघायला पंचावन्न हजार किलोमीटर लागतील. तुमचं महिन्याचं रनिंग नऊशेच्या आसपास दिसतंय. म्हणजे पाच वर्षं, तीही सर्व्हिसिंगचा जादा खर्च न धरता.

पेट्रोल घ्या. रोज कागल-सांगली करणार असाल किंवा गाडी भाड्याने लावणार असाल तर मात्र डिझेलच.