आक्रमक त्वचाकर्करोग आधी ओळखण्यासाठी कोणते शिक्षण घ्यावे?

सप्रेम नमस्कार.

केजहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपल्या वडिलांच्या नाकाजवळची जखम बरी होईना, म्हणून तुकडा तपासला, तेव्हा बेसल सेल कार्सिनोमा या त्वचाकर्करोगाचा साधा प्रकार असल्याचे कळले. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात मात्र तो आक्रमक निघाला. ‘हे आधीच का कळले नाही?’ या प्रश्नावर बारावीतील आपल्या कन्येला काम करायचे आहे. त्यासाठी तिने डॉक्टर व्हावे की संगणक अभियंता, असे आपण विचारता.

बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला तुकडा बहुधा ३-४ मिलिमीटरचा असतो आणि एकाच गाठीत दोन प्रकार नांदू शकतात. त्यामुळे तो जिथून घेतला तिथलेच तो सांगतो. हा कर्करोग शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो, परंतु आक्रमक प्रकार दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे त्वचेखालून सरकतो, आणि भोवतीची किती त्वचा कापायची हे बरेचसे त्यावर ठरते. डर्मोस्कोपी (त्वचा भिंगातून मोठी करून पाहणे), उच्च वारंवारतेची सोनोग्राफी आणि आता छायाचित्रे वाचणारी संगणकप्रणाली यांनी हा अंदाज शस्त्रक्रियेआधी बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण तो खरा की खोटा, याचा निवाडा शेवटी पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या, स्लाइडवरच होतो. तिथे साध्या प्रकारात पेशींचे गोलसर पुंजके आणि त्यांच्या कडेला कुंपणासारखी ओळीने उभी केंद्रके दिसतात. आक्रमक प्रकारात पेशींचे बारीक पट्टे त्वचेच्या तंतूंमध्ये घुसलेले असतात.

म्हणून जीवशास्त्राची गोडी असेल, तर मी ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा, एमबीबीएस आणि पुढे पॅथॉलॉजीत एमडी हाच मार्ग सुचवेन. साडेचार वर्षे, १ वर्षाची इंटर्नशिप आणि पुन्हा ३ वर्षे, असा हा पल्ला लांब आहे. अंबाजोगाईचे शासकीय महाविद्यालय आपल्याला जवळ पडेल. (‘रुग्ण न तपासणारी डॉक्टर’ म्हणून नातेवाईक नाके मुरडतील, त्यांना मुरडू द्यावे.) गणितात जीव रमत असेल, तर सीईटी देऊन अभियांत्रिकीही चालेल, मात्र पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून शिकण्याची तयारी हवी. भारतीय रुग्णांत ही गाठ पुष्कळदा काळसर दिसते, तर उपलब्ध चित्रसंग्रहांत गोऱ्या त्वचेचा भरणा अधिक आहे. दोन्ही वाटांनी जाणाऱ्याला इथे भरपूर काम आहे.

जीवशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय घेतले असल्यास तूर्त दोन्ही परीक्षांचे अर्ज भरावेत. वडिलांचे दोन्ही अहवाल जपून ठेवावेत आणि त्यांची ठरलेली फेरतपासणी चुकवू नये.