आधी टेप, मग खुर्ची

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. माझं काम विम्याच्या क्लेमचं, आठवड्यातले ३ दिवस घरून. सकाळी जेवणाच्या टेबलावर बसते. दुपारी मुलगा शाळेतून आला की टेबल त्याचं, मी लॅपटॉप घेऊन पलंगावर. संध्याकाळपर्यंत मान आणि उजवा खांदा भरून येतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. नवरा म्हणतो, ऑफिसची चांगली खुर्ची घेऊन टाकू. माझी उंची ५ फूट २ इंच. घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आत्ता नको. उंची कळवलीत ते फार बरं केलंत, कारण दुखण्याचं मूळ मला तिथेच दिसतंय.

जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. तुमच्या उंचीच्या बाईचे तळवे जमिनीला टेकायचे तर बैठक १६ इंचांच्या आसपास हवी, आणि तसं बसल्यावर कोपर येतं २४-२५ इंचांवर. म्हणजे टेबल कोपराच्या चांगलं ५ इंच वर. तेवढा खांदा तुम्ही सकाळभर उचलून धरताय. माऊस उजव्या हातात, म्हणून उजवा जास्त दुखतो. नवी खुर्ची उंच केलीत तर खांदा सुटेल, पण पाय लोंबतील आणि मांडीखाली कड रुतून मुंग्या येतील.

घरातल्या खुर्चीवर काथ्याची ४ इंची घट्ट गादी घाला. कापसाची नको, ती दबते. जेवढं वर गेलात तेवढंच पायाखाली द्या : बुटका चौरंग चालेल, तो नसेल तर पाट. लॅपटॉप दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. मग कीबोर्ड आणि माऊस वेगळे लागतील. खर्च करायचाच तर पहिला तिथे करा.

दुपारचा पलंग मात्र बंद. गादीवर पाठ गोल होते, मान पुढे येते, आणि तुमचे ते तास सलग असतात. पलंग भिंतीला सरकवून पाहा, खिडकीशी अडीच-तीन फूट मोकळे झाले तरी पुरे. तिथे पाय कमी-जास्त होणारं घडीचं टेबल लावा, २ बाय ३ फुटांचं. उंची तुमच्या कोपराएवढी ठेवलीत की गादी-चौरंगाची गरजच उरणार नाही. खिडकी डाव्या हाताला घ्या. समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे आली तर स्क्रीनवर तिचंच प्रतिबिंब. काम संपलं की टेबल मिटून कपाटामागे. सासूबाईंना हॉल सोडायला सांगावं लागत नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उभ्यानं काम करायचं असेल तर ओटा आहेच. तो साधारण ३३ इंचांचा, तुमचं उभ्यानं कोपर ३९ च्या जवळपास. मधे ५-६ इंचांचा पालथा डबा ठेवा, फोन आणि वाचायची कागदपत्रं तिथे उरकतात. फक्त सिंकच्या बाजूला नको.

भिंतीला भोक पाडता येत नाही याची खंत करू नका. २०२० मध्ये मी माझ्या घरी भिंतीला मिटणारं टेबल करून घेतलं होतं. भिंत पश्चिमेची, पावसाच्या तोंडावरची, आणि सुतारानं साधं प्लाय लावलेलं. जुलै सरेपर्यंत खालची कड फुगली, एकेक पापुद्रा नखानं उचलता येई. पुढच्या उन्हाळ्यात सगळं काढून टाकलं. उद्या स्वतःचं घर झालं की असं टेबल जरूर करा, पण प्लायवर आयएस ७१० हा शिक्का स्वतः बघून घ्या. ते मरीन प्लाय, म्हणजे ओलाव्याला टिकणारं. आणि भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर स्क्रूसाठीचा साधा प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही, त्यासाठीचे फास्टनर वेगळे मिळतात.

आज रात्री एवढंच करा. तळवे जमिनीला टेकवून ताठ बसा, हात अंगालगत सोडून कोपरात वाकवा, आणि मुलाला टेपनं कोपर ते जमीन मोजायला सांगा. घडीचं टेबल घ्यायला जाल तेव्हा तो आकडा आणि टेप पर्समध्ये असू द्या. दुकानातच पाय त्या उंचीवर लावून घ्या, आणि दोन्ही हातांनी दाबून टेबल हलतं का ते पाहा.