अवशेष प्रत्येक पातळीवर तपासा
बहुस्तरीय प्रतिमानातील (गटांत विभागलेल्या माहितीसाठीच्या सांख्यिकी प्रतिमानातील) सगळे अवशेष, म्हणजे प्रत्यक्ष आणि अंदाजित मूल्यांतील फरक, एकाच आलेखात पाहून समाधान मानू नका. विद्यार्थी शाळांमध्ये विभागलेले असतील, तर विद्यार्थी-पातळीवरील अवशेषांचे विचरण (विखुरलेपणा) शाळेगणिक बदलते का ते पाहा आणि शाळांचे यादृच्छिक परिणाम (प्रत्येक शाळेचा प्रतिमानाच्या सरासरी अंदाजापासूनचा फरक) वेगळे तपासा. या परिणामांचे अंदाज, विशेषतः लहान गटांत, सरासरीकडे ओढले गेलेले असतात, त्यामुळे त्यांचा आलेख प्रसामान्य (घंटाकृती) दिसला तरी मूळ वितरण तसेच असेल असे नाही. माझ्या मते नवशिके प्रसामान्यतेचीच नको तेवढी काळजी करतात. यादृच्छिक परिणाम आणि स्वतंत्र चल यांच्यातील सहसंबंध अधिक घातक असतो, कारण त्याने गुणांकच चुकतात. अर्थशास्त्रज्ञ मुंडलाक यांनी १९७८ मध्ये सुचवल्याप्रमाणे त्या चलाची गटनिहाय सरासरी प्रतिमानात घालून पाहा. गट ८-१० च असतील, तर गट-पातळीच्या आलेखातून फारसे कळणार नाही.