पावसाळ्यात वर्षावन पाहायला मार्गदर्शकाबरोबर जावे का? दाजीपूर बरे की आंबोली?

आपण असे विचारले आहे की, जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून निघून पासष्ट वर्षांचे वडील आणि बारा वर्षांची मुलगी यांच्यासह एखाद्या वर्षावनात मार्गदर्शकाबरोबर फेरी करावी का, त्यासाठी दाजीपूर निवडावे की आंबोली, आणि इतक्या पावसात खरोखर काही पाहायला मिळते का. मी कोल्हापुरातच राहतो आणि गेली नऊ वर्षे दर पावसाळ्यात एकदा तरी आंबोलीला जातो. त्या अनुभवावरून लिहितो.

दाजीपूरचा निर्णय ऋतूनेच करून ठेवलेला आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळी शिकारीसाठी राखलेले हे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले, पुढे विस्तारून राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. मात्र पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असते. आतले रस्ते कच्चे आहेत आणि चिखलात रुतलेली जीप ओढून काढायला जवळपास कोणी नसते, हे लक्षात घेतले तर ही बंदी योग्यच वाटते. गवा पाहायचा असेल तर दिवाळीनंतर जावे. पावसाळ्यात दाजीपूरचे जंगल दाखवतो असे कोणी सांगत असेल, तर तो कोठून आणि कोणाच्या परवानगीने नेणार आहे, हे आधी विचारावे.

म्हणून आंबोली. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या मार्गाने साधारण तीन तास लागतात. काटेकोर बोलायचे तर तेथील रान निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही तेथील मुख्य झाडे. विषुववृत्तावरील वर्षावनांसारखी उंचच उंच झाडी तेथे नाही. पण जून ते सप्टेंबर या काळात तेथे जो पाऊस कोसळतो आणि प्रत्येक खोडावर शेवाळ, नेचे व आमरी (ऑर्किड) यांची जी दाटी होते, ती पाहिल्यावर वर्षावन हा शब्द वापरताना संकोच वाटत नाही.

आता काही दिसते का, हा खरा प्रश्न. वाघ, बिबट्या, गवा यांची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. धुके असे उतरते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही; मग प्राणी कुठून दिसणार? पावसाळी जंगल पाहायचे ते गुडघ्याच्या उंचीवर आणि रात्री. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, पाऊस जरा ओसरल्यावर, हातात विजेरी घेऊन निघायचे आणि पानांच्या खालच्या बाजू, साचलेल्या डबक्यांच्या कडा, कुजलेली लाकडे अशा जागा पाहत हळूहळू पुढे सरकायचे. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे बांधतो. पांढऱ्या साबणाच्या फेसाचा गोळा कोणीतरी पानांत अडकवून ठेवावा, तसे ते दिसते. अंडी त्या फेसात सुरक्षित राहतात, आणि पिल्ले तयार झाली की फेस विरघळून ती थेट खालच्या पाण्यात पडतात. आपल्या मुलीला ही एकच गोष्ट नीट पाहायला मिळाली तरी फेरीचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. याच्या उलट तऱ्हा आंबोलीच्या झुडपी बेडकाची. बोटाच्या पेरात मावेल एवढा हा जीव पाण्यात अंडी घालतच नाही. त्याच्या अंड्यांतून शेपटीची पिल्ले न येता एकदम चिमुकले बेडूकच बाहेर पडतात. शाळेत शिकलेले बेडकाचे जीवनचक्र येथे खोटे ठरते, आणि मुलांना ते फार आवडते.

जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, आंबोली टोड नावाचा लहानसा भेक आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ साली झाले. पहिल्या पावसाने खडकावर साचणाऱ्या उथळ पाण्यात त्याची वीण होते, त्यामुळे त्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा गाठावा लागतो. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका माशाला त्या नदीचेच नाव दिले गेले आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेथे दिवसा सहज जाता येते, पण पाण्यात पाय घालू नयेत. कधी ओल्या मातीत देवगांडूळ आढळते. ते गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, बेडकांच्याच वर्गातला पाय नसलेला उभयचर आहे. मलबारी चापडा हा विषारी साप झुडपावर तासन्‌तास एका जागी बसून असतो आणि हिरवा, तपकिरी, नारिंगी अशा निरनिराळ्या रंगांत आढळतो. ओल्या लाकडांवरची चमकणारी बुरशी मात्र नशिबाचा भाग आहे. ती पाहायची तर सगळ्यांनी विजेऱ्या आणि मोबाइल बंद करून दहा मिनिटे गप्प उभे राहावे लागते. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही, मग पायाशी फिकट हिरवा उजेड हळूहळू उमटू लागतो. आमच्या गटात चौथ्याच मिनिटाला कोणाचा तरी फोन वाजला होता, हे सांगायला हवे.

हे सारे स्वतःच्या बळावर शोधणे जवळजवळ अशक्य आहे. चापडा माझ्या खांद्यापासून दोन हातांवर होता आणि मार्गदर्शकाने बोट दाखवूनही तो मला दिसेना. म्हणून मार्गदर्शक हवाच. पण तो कसा निवडावा, याकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. माझी पहिली फेरी फसली ती याच कारणाने. तीस जणांचा गट होता. आमच्या मार्गदर्शकाने चापड्याला काठीने उचलून फोटोसाठी सोयीच्या फांदीवर ठेवले आणि एक बेडूक हातोहात फिरवला. त्या वेळी मीही कौतुकाने पाहिले. चूक नंतर कळली. बेडकाची त्वचा पाणी आणि हवा दोन्ही शोषून घेते, त्यामुळे आपल्या हाताला लागलेले डासांचे मलम त्याच्या अंगात उतरते. तेव्हापासून मी फोनवर तीन गोष्टी विचारतो: गटात किती माणसे असतील, किती अंतर चालायचे आहे आणि काही दिसले नाही तर काय करणार. आठ-दहा माणसे, अडीच तासांत दोन किलोमीटर आणि ‘नाही दिसले तर नाही दिसले’ असे उत्तर मिळाले, तर तो माणूस चांगला समजावा. साप दाखवण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये, कारण ती हमी पाळण्यासाठी त्याला साप पकडावा लागतो. राखीव वनात रात्री शिरायला परवानगी लागते. जाणता मार्गदर्शक बहुधा गावालगतच्या वाटा आणि सड्याच्या कडा यांवरच फिरवतो, आणि तेवढ्यात पुष्कळ दिसते.

वडिलांविषयी. अंतर थोडे असले तरी जांभ्यावर शेवाळ धरले की तो काचेसारखा निसरडा होतो. गुडघे ठीक असतील तर काठी घेऊन त्यांनी जरूर यावे. नसतील तर डांबरी रस्त्याच्या कडेने चालण्याचा पर्याय मार्गदर्शकाकडून आधीच ठरवून घ्यावा. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवावी, हे आपल्या माणसांना वेगळे सांगावे लागते. शेतात वापरतात ते साधे गमबूट सर्वांत उत्तम. महागड्या बुटांत पाणी एकदा शिरले की दोन दिवस निघत नाही. छत्रीचा उपयोग नाही, कारण घाटात पाऊस आडवा येतो; लांब रेनकोट घ्यावा. जीन्स भिजून जड होते, म्हणून लवकर वाळणारी पँट आणि लांब मोजे घालावेत. कर्नाटकातील आगुंब्याच्या मानाने येथे जळवा कमी आहेत, पण नाहीत असे नाही. चिकटलेली जळू उपटू नये. तिच्या तोंडाखाली नख सरकवले की ती सुटते. तिच्या लाळेतील द्रव्यामुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम काही वेळ वाहत राहते. ते पाहून मुलगी घाबरेल, तर तिला आधी सांगून ठेवावे. कॅमेरा वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेर काढला तर भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो अर्धा तास आधी पिशवीतच बाहेर ठेवावा.

आपण जुलै-ऑगस्ट म्हटले आहे. माझे मत विचाराल तर त्याऐवजी जूनचा तिसरा आठवडा किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडावा. जुलैत पावसाचा जोर इतका असतो की काही रात्री बाहेर पडताच येत नाही, शिवाय शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी रस्ता गाड्यांनी भरून जातो. सप्टेंबरमध्ये सडे फुललेले असतात, उघडीप मिळते आणि बेडूक-सापही अजून असतात. सुट्टी जुळत नसेल आणि जुलैतच जायचे असेल, तर सोमवार ते गुरुवार यांपैकी दिवस घ्यावा आणि एक रात्र न ठेवता दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, म्हणजे एक रात्र पावसाने घेतली तरी दुसरी उरते. अंधार पडल्यावर आंबोलीच्या रस्त्याने गाडी अगदी सावकाश चालवावी. ओल्या डांबरावर येऊन बसलेले बेडूक आणि साप चाकाखाली येऊन मोठ्या संख्येने मरतात.

एक गोष्ट कोल्हापूरकर म्हणून सांगतो. आंबोलीला पडणारा पाऊस हिरण्यकेशीतून आपल्याच वाटेवर, आजरा-गडहिंग्लजला उतरतो, आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी चढून २०२१ साली महामार्ग बंद झाला होता. आपण राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी पाहायला सरावलेलो आहोत, पण ती पंचगंगेची झाली. या सहलीसाठी निघण्याच्या आदल्या रात्री गडहिंग्लजच्या बाजूला कोणी ओळखीचे असेल तर त्यांना फोन करून नदीची आणि पुलांची स्थिती विचारावी, आणि मुक्कामाचे सगळे पैसे आगाऊ भरू नयेत.