मागणी मान्य झाल्यानंतरचं काम

प्रिय पोरी,

आरोग्यहक्कांसाठी झगडणाऱ्या आपल्या संघटनेच्या अध्यक्षपदी तुझी निवड झाल्याचं कळलं आणि फोनवर बोलताना मला भरून आलं. सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहिते.

पहिल्या शंभर दिवसांत नवं मागणीपत्र काढायचं म्हणालीस. जरूर काढ. पण त्याआधी जुनी इतिवृत्तं आणि निवेदनांच्या फाइली घेऊन बस. प्रत्येक मागणीपुढे दोन गोष्टी लिही: ती मान्य झाली का, आणि मान्य झाल्यावर पुढे काय झालं? पहिल्या रकान्यात पुष्कळदा 'हो' येईल. दुसरा रकाना बहुतेक कोरा राहील. ही आमच्या पिढीची उणीव आहे आणि ती तुझ्या ओंजळीत टाकताना मला वाईट वाटतं.

रुग्णहक्कांचंच बघ. महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९चा. त्याच्या नियमांत रुग्णांचे हक्क यावेत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं खेटे घातले. जानेवारी २०२१मध्ये सुधारित नियम निघाले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तक्रारीसाठी कक्ष असायचा, हे सगळं त्यात आलं. आम्ही एकमेकींना फोन करून रडलोसुद्धा. त्यानंतर कुणाला भेटायला दवाखान्यात गेले की मी आधी भिंती बघते. दरपत्रक क्वचितच दिसतं. काउंटरवर विचारलं तर असा नियम आहे हेच तिथल्या माणसांना ठाऊक नसतं. नियम निघाला त्याच आठवड्यात तालुक्यातालुक्यात कोण पाहणी करणार हे आम्ही ठरवायला हवं होतं. आम्ही दमलो होतो, थांबलो.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. २००७मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावच्या समितीने लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत गुणपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. अशाच एका सुनवाईत औषधं नाहीत म्हणून लोकांनी उपकेंद्राच्या सिस्टरला धारेवर धरलं. मी मंचावर होते, मी कुणाला थांबवलं नाही. संपल्यावर तिने मला औषधांच्या मागणीपत्रांच्या स्थळप्रती दाखवल्या. तीन महिने ती लिहून मागत होती. निकषाने उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या, डोंगराळ-आदिवासी भागात ३,०००. पण शेजारचं पद रिकामं असल्याने तिथलीही गावं तिच्याच गळ्यात. मी माफी मागितली, तरी मान खाली घालून उभी असलेली ती मला अजून दिसते. तेव्हा कुठल्याही सुनवाईआधी औषध नेमकं कुठे अडलंय, प्राथमिक आरोग्य केंद्रात की जिल्ह्याच्या भांडारात, हे शोधून ठेव. ज्याच्या सहीने ते सुटतं, त्याला समोर बसव.

शासन निर्णय हातात आला की आधी लेखाशीर्ष शोध. पैसा कुठून येणार ते लिहिलेलं नसेल, तर आनंदाचं पत्रक काढू नकोस. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. ते साल उलटलं, तो आकडा काही गाठला गेला नाही. त्याचा जाब दर अर्थसंकल्पाला विचारावा लागेल, अगदी कंटाळा येईपर्यंत.

कार्यकारिणीत दोन आशाताई घ्यायचं ठरवलंस, ते मला फार आवडलं. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची मासिक सभा असते, त्या दिवशी बैठक लावू नकोस. त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. आपल्याकडे आल्या की तो दिवस बुडतो. एसटीच्या भाड्याबरोबर दिवसाची भरपाईही दे, आणि पहिल्याच ठरावात ते लिहून घे. पुढे कुणी खर्च कापायला बसलं, तर सुरुवात इथूनच करेल.

आम्ही जुनी मंडळी 'हे करून पाहिलंय' म्हणू. तेव्हा गप्प बसू नकोस. कधी केलं, कुणाकडे गेलात, कुठे अडलं, हे विचार आणि आमच्यासमोरच लिहून घे. मलाही विचार.

२०२१च्या नियमांची फाइल निळ्या पुठ्ठ्याची आहे, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. रविवारी येते आहेस ना? किल्ली माझ्याकडे आहे.

तुझी,
ताई