सांगलीत पहिल्यांदाच महोत्सव भरवताय?

पहिल्या वर्षी तीनच संध्याकाळी ठेवा: एक कीर्तन, एक व्याख्यान, एक गाणं. सगळं एकाच दिवशी कोंबलं की शेवटच्या कलाकाराच्या वाट्याला अर्धा तास उरतो, कारण उघड्या मैदानावर रात्री १० ला स्पीकर बंद करावाच लागतो. साडेसहाला सुरू करा. दीपप्रज्वलन, सत्कार, आभार मिळून १५ मिनिटं, बस्स.

कीर्तनाला दीड-दोन तास द्याच. वेळ कापली की उत्तररंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागातलं, आख्यान तुटतं, आणि बरेच श्रोते त्यासाठीच बसलेले असतात. बुवा पुढे-मागे सरकतात, म्हणून त्यांना कॉलर माईक, पेटी-तबल्याला वेगळे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तानपुऱ्याचा. मिरज शेजारीच आहे, वाद्य उत्तम मिळेल, पण ते ऐनवेळी आणू नका. दिव्यांची धग आणि पंख्याचा वारा लागला की तारांचा सूर हलतो. तासभर आधी, दिवे लावूनच, वाद्यं मंचावर ठेवा. पंख्याचं तोंड दुसरीकडे वळवा. जवारीच्या दोऱ्याला, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याला, कलाकाराशिवाय कुणी हात लावू नये.

आणि हो, जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या घाटावर मंडप नको. २०१९ आणि २०२१ ला पाणी शहरात कुठवर आलं होतं ते आठवा. डिसेंबर-जानेवारी धरा. जमेल तुम्हाला, नक्की करा!